इतिश्रीमधला श्री

मागच्या जूनमध्ये आमच्या टीममध्ये भुवनेश्वरहून एक मुलगी जॉइन झाली. सोमवार सकाळचा कॉल, सगळे आपापल्या घरून अर्धवट जागे, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, आणि मॅनेजर म्हणाला, ही आपली नवी टेस्टर, इतिश्री. कॉलवर आम्ही सहा मराठी लोक होतो आणि सहाच्या सहा एकदम म्यूटवर गेलो. ती बिचारी काहीतरी बोलत होती, आधी कुठे काम केलं, काय आवडतं वगैरे, आणि आमच्या मराठी लोकांच्या वेगळ्या ग्रुपवर मेसेज पडला, 'चला, झाली प्रोजेक्टची इतिश्री'. खाली धडाधड हसून डोळ्यांत पाणी आलेल्या स्मायली. तो मेसेज माझा होता, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लिहिताना उगाच साळसूदपणा केल्यासारखं होईल.

तीनेक आठवड्यांनी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तिनेच विषय काढला. समोर पोहे, त्यात शेंगदाणे कमी म्हणून माझी कुरकुर चाललेली, आणि ती एकदम हिंदीत म्हणाली की तुम्ही लोक माझं नाव ऐकून हसता ते मला माहितीय. मी लगेच सारवासारव करायला लागलो की अगं तसं नाही, आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा होतो. ती म्हणाली, वेगळा कसला, ओडियातही तोच अर्थ आहे, शेवट. मग चमच्याने पोहे इकडेतिकडे करत तिने विचारलं, शेवट म्हणजे इति, ते कळलं, पण मग त्यात श्री कशाला? शेवटाला कोण श्री लावतं?

मला उत्तर आलं नाही. जन्मभर मराठी बोलतोय, चार लोक 'तुझं मराठी चांगलंय हं' म्हणतात, आणि 'इतिश्री' हा शब्द तर त्या महिन्यातच किमान तीनदा वापरला असेन. सोसायटीच्या लिफ्टची इतिश्री, डाएटची इतिश्री, आणि तो मेसेज. पण त्यातल्या श्रीकडे कधी बघितलंच नव्हतं. खटकलं ते खटकलंच. संध्याकाळी गाडी चालवताना सिग्नलला उभा असतानाही तेच डोक्यात. श्री तर सुरुवातीला येतो. पत्राच्या वर श्री, लग्नपत्रिकेवर श्री, नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री, दुकानदाराच्या खतावणीवर श्री. हा शेवटी काय करतोय?

उत्तर मिळालं ते श्रावणात, खालच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला. खरं सांगायचं तर मी शिऱ्यासाठी गेलो होतो. लहानपणी वाईला आमच्याकडे वर्षातून एकदा तरी सत्यनारायण असायचाच आणि आम्हा पोरांचा सगळा जीव त्या शिऱ्यात. सव्वाच्या मापाचा शिरा, रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा, त्यात केळं, आणि वर तुळशीचं पान ठेवल्यामुळे येणारा तो एक विशिष्ट वास, जो घरी नुसता खायला केलेल्या शिऱ्याला कधीच येत नाही, आई कितीही म्हणो की तोच शिरा आहे. तो समोर चौरंगापाशी झाकलेला असायचा आणि कथा संपेपर्यंत हात लावायचा नाही. पाच अध्याय. लाकूडतोड्या, साधुवाणी, कलावती, बुडालेली नाव, सगळं पाठ, त्यामुळे गोष्टीत इंटरेस्ट शून्य. आमचे कान फक्त एका ठिकाणी टवकारायचे. गुरुजींचा आवाज जरा उतरायचा, वेग वाढायचा आणि ते म्हणायचे, 'इति श्रीस्कंदपुराणे रेवाखंडे...' पुढचं आम्हाला कळायचं नाही आणि नकोही असायचं, कारण घंटा वाजायची, बोला सत्यनारायण महाराज की जय, आणि आम्ही एक बोट मिटायचो. अजून चार इतिश्री. अजून तीन. चुलतभाऊ तर चक्क विचारायचा, 'किती इतिश्री राहिल्या रे?'

तर त्या दिवशी सोसायटीत, हातात अक्षता घेऊन मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो, पंख्याचा खडखड आवाज, आणि गुरुजी म्हणाले, इति, आणि मग श्वास घेतला. पहिल्यांदाच कुणीतरी तिथे थांबलं असेल, किंवा मी पहिल्यांदा लक्ष दिलं. इति. मग, श्रीस्कंदपुराणे.

श्री स्कंदपुराणाचा आहे!

म्हणजे तो इतिचा कधी नव्हताच. तो पलीकडच्या घरातला, पुढच्या शब्दाचा. रामरक्षेच्या शेवटी 'इति श्रीबुधकौशिकविरचितं श्रीरामरक्षास्तोत्रं संपूर्णम्', तिथे श्री बुधकौशिकाचा. गीतेच्या अध्यायाच्या शेवटी 'इति श्रीमद्भगवद्गीतासु', तिथे गीतेचा. प्रत्येक वेळी मालक वेगळा, पण इतिच्या मागोमाग कुणातरी आदरणीयाचं नाव येणार म्हणजे श्री येणारच, आणि ऐकणाऱ्याला पुढचं ऐकायची गरजच नसते. त्याला कळतं की संपलं. उठायचं, पाय मोकळे करायचे, जय म्हणायचं. तर आपल्या कानांनी तिथेच कात्री मारली. बरोबर चुकीच्या जागी. दोन शब्दांच्या मधे कापायचं ते एक अक्षर पुढे कापलं आणि जो तुकडा हातात आला त्याचा शब्द केला. आमचा चुलतभाऊ जे करत होता तेच पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी केलं असणार.

मग मला नादच लागला. दुसऱ्या टोकाला बघा, 'श्रीगणेशा करणे'. हा कुठून आला? 'श्रीगणेशाय नमः' मधून, आणि तिथेही कापणाऱ्याने 'य' तिकडेच टाकून दिला. 'ओनामा' घ्या, जुन्या शाळेत पोराला पहिल्यांदा पाटीवर गिरवायला द्यायचे ते 'ॐ नमः सिद्धम्', पोरांच्या तोंडी ते 'ओनामासीधं' झालं, आणि त्याचं डोकं तेवढं राहिलं, ओनामा. सुरुवातीचे दोन्ही शब्द तुटके आणि शेवटचा शब्दही. व्याकरणवाल्यांनी बसून केले असते तर असे झाले नसते. हे शब्द चटईवर बसलेल्या, अर्धं लक्ष असलेल्या, शिऱ्याची वाट बघणाऱ्या लोकांनी केलेत. मला याचा उगाचच अभिमान वाटला, कारण मी त्या लोकांपैकी आहे.

दुसऱ्या दिवशी तिला जाऊन सांगितलं. वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, म्हणजे माझं अर्धं नाव चोरीचं आहे तर.

या असल्या ओळींना, अध्याय संपल्यावर कुठला ग्रंथ, कुठला भाग, कितवा अध्याय हे सांगणाऱ्या, पुष्पिका म्हणतात. हा शब्द मला माहीत होता, म्हणजे कानावरून गेला होता. छोटं फूल. किती सुंदर ना, लिहून झालं की शेवटी एक फूल ठेवायचं. असं म्हणत मी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला. वामन शिवराम आपटे, पुण्यातले, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, १८९० मध्ये तो कोश आला आणि १८९२ मध्ये ते गेले, वय चौतीस. चौतीस! माझ्याकडून त्या वयात गॅसच्या सबसिडीचा फॉर्म नीट भरला गेला नव्हता. तर त्या कोशात पुष्पिकेचा पहिला अर्थ दिलाय, दातांवरची कीट. डेंटिस्ट खरवडून काढतो ती. दुसरा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. आणि तिसरा, अध्यायाचे शेवटचे शब्द, उदाहरण म्हणून 'इति श्रीमहाभारते' वगैरे. माझं फूल जरा कोमेजलं. पण नंतर वाटलं ठीकच आहे, शेवटी साचतं तेच ते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पुरी केली, त्यात एकेका अध्यायाच्या खाली वेगवेगळ्या पोथ्यांमधल्या या पुष्पिकांची नोंद ठेवलीय, कुठल्या पोथीत अध्यायाचं नाव काय दिलंय, आकडा काय दिलाय. मजकूर तोच आणि शेवटाला मात्र प्रत्येक पोथीचा आपापला हिशेब.

आणि पुष्पिकेवरून मला आजोबांच्या वह्या आठवल्या. आठवल्या म्हणजे काय, त्या माझ्याच कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या आयकराच्या फायलींखाली आहेत. तीन वह्या, दोनशेपानी, रेघी, निळ्या पुठ्ठ्याच्या. आजी रोज शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायची आणि श्रावणात चौदाच्या चौदा. तिचे डोळे अधू झाले, छापील पोथीतलं अक्षर दिसेना, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला ती तयार होईना, तेव्हा आजोबांनी रिटायर झाल्यावर अख्खी पोथी मोठ्या अक्षरात उतरवून काढली. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं वगैरे नाही, पण सरळ. एका पानावर जेमतेम चार-पाच ओव्या. काळी शाई, आणि ओवीचे आकडे लाल. वहीला अजून कापराचा आणि थोडा ओलीचा वास येतो, आणि जिथे आजीचं बोट फिरायचं तिथे कडा तुपकट झाल्यात.

शिवलीलामृत लिहिणाऱ्या श्रीधरांच्या पोथ्यांमधला अध्यायाचा शेवट मला फार आवडतो. ते नुसतं संपलं म्हणत नाहीत. 'परिसोत सज्जन अखंड', आणि मग कितवा ते सांगून, 'अध्याय गोड हा'. प्रत्येक अध्याय गोड. नरकाचं वर्णन असलं तरी शेवटी गोड हा. आजी तो 'गोड हा' इतका लांबवायची की स्वयंपाकघरातून आई म्हणायची, झालं वाटतं, पानं घेऊ का. आणि अगदी शेवटी श्रीधर तारीख देतात, 'शके सोळाशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरास, शुद्ध पौर्णिमा फाल्गुनमास, रविवारी ग्रंथ संपविला'. गावही सांगतात, बारामती, पण पोथीच्या थाटात तिची द्वादशमती केलीय. मला त्यातला रविवार फार जवळचा वाटतो. एवढा मोठा कवी, पण काम संपलं तो वार सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

आजोबांनाही राहवलं नाही. श्रीधरांचा रविवार उतरवून झाल्यावर त्यांनी एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मंगळवारी नक्कल संपविली. वीज नव्हती. मान धरली आहे.' आणि सहीच्या जागी नाव नाही, फक्त 'लेखकु'.

हा 'लेखकु' त्यांनी ज्ञानेश्वरीतून उचललेला. 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला.' म्हणजे इसवी सन १२९०, आणि टीका केली ती ज्ञानेश्वरांनी, लेखक मात्र सच्चिदानंदबाबा. तिथे लेखक म्हणजे लिहून घेणारा. आज आपण ज्याला लेखक म्हणतो त्याला तिथे तो शब्दच नाही, तो ज्याची बोटं शाईने काळी झाली त्याचा आहे. आजोबांना हे फार आवडायचं, मला हजारदा ऐकवलेलं. आणि तशी ती शेवटची जागा ही नक्कल करणाऱ्याचीच. मधे पानोपानी त्याने एक अक्षर आपलं घालायचं नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी दमच दिलाय की यात जो आपली ओवी घुसवेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. तर असा सगळा ग्रंथभर तोंड दाबून बसलेला माणूस शेवटच्या पानावर येतो आणि मग बोलतो. जुन्या पोथ्यांच्या अखेरीला तो एक ठरलेला श्लोक सापडतो ना, 'भग्नपृष्ठकटिग्रीवः स्तब्धदृष्टिरधोमुखम्', पाठ, कंबर, मान मोडली, डोळे ताठले, खाली मुंडी घालून कष्टाने लिहिलंय, नीट सांभाळा. दुसरा एक त्याहून मिश्कील, जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर मला बोल लावू नका. आम्ही मेलखाली लिहितो ना, काही शंका असल्यास कळवावे, त्यापेक्षा हे किती बरं.

पण तिसऱ्या वहीत एक गंमत आहे जी मला कित्येक वर्षं दिसली नव्हती. एका अध्यायात ओव्यांचे लाल आकडे मधेच तीनने उडी मारतात. मला वाटलं चुकले. तर समासात बारीक पेन्सिलीने लिहिलंय, 'येथे छापील पान फाटले आहे. ओव्या सोडल्या. वाचणारीला पाठ आहेत.'

हे वाचून मी किती वेळ तसाच बसलो होतो माहीत नाही. आयकराच्या फायली मांडीवर.

असो. इतिकडे येतो. इतिचा अर्थ मुळात शेवट नाहीच, हे मला यात हळूहळू कळत गेलं. इति म्हणजे 'असं'. कुणीतरी काही बोललं, ते बोलणं इथे पुरं झालं, एवढीच खूण. संस्कृतात अवतरणचिन्हं नव्हती, तर इति हेच त्यांचं चिन्ह, तेही फक्त बंद करायचं. म्हणून तर इतिहास, इति-ह-आस, असं असं होतं म्हणे. त्यात इति सगळ्यात आधी आलाय! इत्यादीमध्ये तोच. नेति नेतिमध्ये तोच. आणि गंमत अशी की हा खरा इति आपल्या तोंडात अजून जिवंत आहे, फक्त आपल्याला तो विनोदी वाटतो. 'या घरात माझं कुणी ऐकत नाही, इति आई.' 'पगार झाला की बघू, इति बाबा.' आपण टिंगलीत वापरतो, पण पाणिनीला दाखवलं असतं तर त्याने हा वापर बरोबर म्हटलं असतं, आणि लिफ्टच्या इतिश्रीवर कपाळाला हात लावला असता.

इतिश्रीच्या घरी इति अजून पत्रातला आहे. ओडियात पत्र संपवताना 'इति' लिहायचं आणि खाली आपलं नाव. बंगालीतही तसंच. आपण 'आपला' किंवा 'तुझा' लिहितो त्या जागी. तिचे वडील व्हॉट्सॲपवरही ते सोडत नाहीत. तिने मला फोन दाखवला, ओडिया अक्षरांची ती गोल गोल रांग, तिने वाचून दाखवलं, 'पाऊस आहे का. छत्री ने. इति, बापा.' प्रत्येक मेसेज असाच, इतका की एकदा नुसतं 'हो' लिहायचं होतं तिथेही 'हो. इति, बापा.'

मग मी न विचारण्यासारखं विचारलं. तुझ्याआधी किती बहिणी? ती म्हणाली, दोन. आणि लगेच म्हणाली, हो, सगळे तेच विचारतात.

मी गप्प. कारण आमच्याच जिल्ह्यातलं नाव मला माहितीय, नकुशा. माझ्या वर्गात होती एक, दुसऱ्या बाकावर बसायची, बाई हजेरी घेताना रोज ते नाव घ्यायच्या आणि ती रोज 'हजर' म्हणायची, नको असलेली हजर आहे असं, आणि आम्ही चाळीस पोरं, कुणाला त्याचा अर्थ ऐकूच आला नाही. हसलोही नाही. २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून या नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली, पेपरात फोटो होते, ते बघताना मी तिला शोधत होतो, ती तोवर तीस-पस्तिशीची झाली असणार हे लक्षातच न घेता. तर इतिश्री म्हणजे तसंच का? आता पुरे, असं? तिने वडिलांना कॉलेजात असताना विचारलं होतं म्हणे. ते म्हणाले, पोथी पुरी झाली की माणूस इतिश्री म्हणतो आणि नमस्कार करतो, अर्धी राहिली की नाही म्हणत. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, असं ती म्हणाली. कधी ठेवते, कधी नाही. मला वाटतं मी ठेवला असता. पण माझं नाव ठेवताना कुणाच्या मनात पुरे नव्हतं, त्यामुळे माझ्या वाटण्याला तसा काही अर्थ नाही.

आपल्या कहाण्यांचा शेवट आठवतो अशा वेळी. 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' आजी शुक्रवारची कहाणी सांगून हातातले तांदूळ देवापुढे टाकायची तेव्हाचा. संपूर्ण आणि संपलं यात फरक आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या मुलीच्या बापाने ते ओडियात सांगितलं, तेही फिरून माझ्यापर्यंत हिंदीत आलं.

आता मार्चमध्ये ती परत भुवनेश्वरला गेली, तिकडेच नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी केक आणायचं काम माझ्याकडे. अंड्याशिवायचा, अननसाचा, एक किलो, आणि मी फोनवर नाव सांगितलं. दुकानातला पोरगा दोनदा म्हणाला, काय, काय, परत सांगा. मी अक्षरं फोडून सांगितली, इ, ति, श्री. तो म्हणाला, हां हां, कळलं. संध्याकाळी खोका उघडला तर हिरव्या क्रीमने ठसठशीत लिहिलेलं,

'हॅपी जर्नी श्री. इति'

श्रीच्या पुढे टिंब देऊन. पोराने आपल्या हिशेबाने दुरुस्तच केलं होतं, श्री काय शेवटी येतो का! सगळे हसले, मीही, आणि या वेळी कुणीही म्यूटवर नव्हतं. तिने केक कापायच्या आधी फोटो काढला, वडिलांना पाठवला, मग सुरी घेतली आणि कुठून कापू असं माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, कुठूनही काप. तिने टिंबावर सुरी ठेवली.

रात्रीची गाडी होती. कागदी प्लेटमधला केक खाता खाता तिचा फोन वाजला आणि तिने न सांगताच मला वाचून दाखवलं. 'केक चांगला दिसतो. नाव चुकलं आहे. गाडीत रात्री दार उघडू नको. इति, बापा.'